रॉबर्ट ब्रूसच्या गोष्टीतला दुसरा माणूस : कॉमिन घराण्याकडे पुन्हा एकदा बघताना



रॉबर्ट ब्रूस आणि कोळ्याची गोष्ट आपण वर्गात कधी ना कधी सांगितलेली असते. मागे ती सांगत असताना एका मुलीने विचारलं, "बाई, पण राजा गुहेत लपला कशाला? त्याने काय केलं होतं?" मी "शत्रू मागे लागले होते" म्हणून वेळ मारून नेली. घरी येऊन वाचत बसले.

कोळ्याची गोष्ट एकोणिसाव्या शतकात वॉल्टर स्कॉटमुळे सगळीकडे पोहोचली. ब्रूसने जे केलं होतं ते मात्र खरं आहे. १० फेब्रुवारी १३०६ रोजी डम्फ्रीसच्या चर्चमध्ये त्याने आणि त्याच्या साथीदारांनी जॉन कॉमिनला ठार मारलं. दीड महिन्याच्या आत तो राजा झाला, आणि लगेच हरून पळाला. मागे लागलेल्यांत इंग्रज होतेच, पण कॉमिनचे नातेवाईकही होते.

मग हा कॉमिन कोण? 'फितूर', असं उत्तर बहुतेक ठिकाणी मिळतं. ब्रूसशी केलेला गुप्त करार त्याने इंग्लंडच्या राजाला कळवला, असं जॉन बार्बरच्या काव्यात आहे. पण ते काव्य खुनानंतर सुमारे सत्तर वर्षांनी लिहिलं गेलं, तेव्हा गादीवर ब्रूसचाच नातू होता! म्हणजे बघा, गोष्ट कोणाच्या घरची आहे ते.

कॉमिन काही साधे सरदार नव्हते. साधारण १२१२ मध्ये विल्यम कॉमिन लग्नामुळे बुखनचा अर्ल झाला आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षं उत्तर स्कॉटलंडचा कारभार बराचसा याच घराण्याच्या हातात होता. १२४९ मध्ये तिसरा अलेक्झांडर सातव्या वर्षी राजा झाला, तेव्हा राज्यातल्या दोन बड्या गटांपैकी एक यांचा होता. १२५७ मध्ये त्यांनी चक्क त्या बालराजालाच ताब्यात घेतलं. साधुसंत नव्हतेच ते! पण १२८६ मध्ये तो राजा वारला आणि राज्य चालवायला सहा पालक नेमले, त्यांत दोन कॉमिन होते. लोकांना त्यांच्याशिवाय कारभार होईल असं वाटत नव्हतं.

मला थांबवलं ते पुढच्या वर्षांनी. १२९८ नंतर ब्रूस आणि जॉन कॉमिन दोघे मिळून पालक होते, आणि १२९९ मध्ये पीबल्सच्या बैठकीत कॉमिनने ब्रूसचा गळाच धरला. १३०२ मध्ये ब्रूस इंग्लंडच्या राजाला शरण गेला. कॉमिन लढत राहिला. फेब्रुवारी १३०३ मध्ये रॉसलिनला त्याने इंग्रजांना हरवलंसुद्धा. १३०४ मध्ये शरण जाताना त्याने मागणी केली की, अलेक्झांडरच्या काळातले कायदे आणि रीतिरिवाज आमच्या लोकांना तसेच राहू द्यावेत. आता फितूर कोणाला म्हणायचं? अर्थात यात त्याचा स्वार्थही होता, कारण पदच्युत राजा जॉन बॅलिओल त्याचा मामा लागत होता.

अ‍ॅलन यंग या इतिहासकाराने १९९७ मध्ये या घराण्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. इतका उशीर का झाला? १३०८ मध्ये ब्रूसने बुखन प्रांत जाळून उद्ध्वस्त केला, जमिनी दुसऱ्यांना वाटल्या. जॉनचा मुलगा १३१४ मध्ये बॅनकबर्नला इंग्रजांच्या बाजूने लढताना मेला. आपली बाजू सांगणारं घरात कोणी उरलंच नाही.

आता मी गोष्ट डम्फ्रीसपासून सुरू करते. कोळी यायला वेळ लागतो, पण मुलं थांबतात.