खोपोलीची मुलगी आणि जर्मन ऑलिंपियाड

प्रश्न : मुलगी नववीत आहे, जर्मन शिकते. तिच्यासाठी एखादी मोठी स्पर्धा आहे का? तयारी कशी करावी?
– एक पालक, खोपोली

उत्तर : आहे. आंतरराष्ट्रीय जर्मन ऑलिंपियाड दर दोन वर्षांनी जर्मनीत भरते. पहिले २००८ साली ड्रेस्डेनला झाले. वय १४ ते १७, पातळी ए२ ते बी२.

मराठी मुलांना एक गोष्ट सोपी जाते : तीन लिंगे. हिंदीत दोनच! पण जेवणाच्या टेबलावर जर्मन चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी चक्क नपुंसकलिंगी. म्हणून शब्द लिंगासकटच पाठ करावा, रोज मोठ्याने वाचावे.

निवडीचे नियम पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात विचारावेत. बोरघाट चढला की पुणे फार लांब नाही; यंदाच चौकशी करा.