फ्रान्सची सहल आणि लहान झालेले जठर

वजन घटविण्यासाठी जठरावर केली जाणारी शस्त्रक्रिया आता केवळ मुंबई-पुण्याच्या बड्या मंडळींपुरती राहिलेली नाही. आपल्या जिल्ह्यातले लोकही ती करून येतात आणि पुढच्या तपासण्यांसाठी माझ्याकडे येतात. वर्ष-दीड वर्षात वजन उतरते, गुडघ्यांवरचा भार कमी होतो आणि मग परदेशच्या सहलीचे बेत सुरू होतात. कुणाचा मुलगा पॅरिसला नोकरीला असतो, कुणी प्रवासी कंपनीबरोबर निघतो. "डॉक्टर, तिकडे हॉटेलात जेवायचे कसे?" हा प्रश्न मग हमखास येतो. त्याचे उत्तर आज सविस्तर देत आहे.

जठरात काय बदल होतो?

'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात व उरलेले जठर केळ्यासारखे अरुंद होते. 'बायपास' प्रकारात जठराची साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हीत घास लहान, चावणे भरपूर आणि जेवण सावकाश, हा नियम जन्मभराचा होय. पाणी जेवताना पिऊ नये. जेवणानंतर अर्धा तास थांबून प्यावे.

बायपास झालेल्यांनी गोड किंवा फार तेलकट पदार्थ भरभर खाल्ले, तर ते न पचता आतड्यात उतरतात. दहा मिनिटे ते तासाभरात घाम, धडधड, मळमळ, पोटात कळ व जुलाब सुरू होतात. याला 'डम्पिंग' म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातील साखर उतरून चक्कर येते. स्लीव्हवाल्यांनाही हा त्रास कधीकधी होतो.

फ्रेंच जेवणाची रीत

फ्रान्समध्ये जेवण हा सोहळा मानतात. २०१० साली युनेस्कोने या भोजनपद्धतीला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पदार्थ एकामागून एक येतात: आधी 'आंत्रे' म्हणजे सुरुवातीची छोटी डिश, मग 'प्ला' म्हणजे मुख्य पदार्थ, नंतर चीज किंवा गोड. दोन पदार्थांमध्ये बराच वेळ जातो, वाढपी घाई करीत नाहीत आणि बिल मागितल्याशिवाय सहसा आणत नाहीत. सावकाश जेवणाऱ्याला ही रीत सोयीचीच आहे.

अडचण येते ती 'मेन्यू' किंवा 'फॉर्म्यूल' या ठराविक दराच्या जेवणात. त्यात दोन-तीन पदार्थ एकत्रित किमतीत मिळतात व ते स्वस्त वाटतात. आपल्या रुग्णांनी त्या मोहात न पडता 'आ ला कार्त', म्हणजे सुटा पदार्थ मागवावा. बहुतेकांना एक आंत्रे पुरते. दोघांत एक मुख्य पदार्थ घेतला तरी चालतो. "जे एते ओपेरे द लेस्तोमा" (माझ्या जठराची शस्त्रक्रिया झाली आहे) आणि "ऊन पतीत पोर्स्यों, सिल वू प्ले" (थोडेच वाढा) ही दोन वाक्ये कागदावर लिहून न्यावीत.

जेवणाच्या वेळाही ध्यानात ठेवाव्यात. दुपारी साधारण बारा ते दोन आणि संध्याकाळी सात-साडेसातनंतर, अशी बऱ्याच हॉटेलांची स्वयंपाकघरे चालतात. मधल्या वेळेसाठी चीजचा तुकडा किंवा बिनसाखरेचे दही जवळ असावे. उपाशी माणूस भरभर खातो, आणि तिथेच घात होतो.

काय खावे, काय टाळावे?

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, म्हणून प्रथिनांचा पदार्थ आधी खावा. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम शिजलेल्या माशात २० ग्रॅम आणि तेवढ्याच शिजलेल्या मसुरीत ९ ग्रॅम प्रथिने असतात. वाफवलेला मासा, ऑम्लेट, मऊ शिजलेली कोंबडी हे उत्तम. शाकाहारी मंडळींना ऑम्लेट चालत नसेल, तर बकरीच्या दुधाचे चीज, भाज्यांचे 'रातातुई' आणि मसुरीचे सॅलड मिळते. मात्र मसुरीत डुकराच्या मांसाचे तुकडे आणि कांद्याच्या सूपमध्ये गोमांसाचा अर्क बऱ्याचदा असतो. आधी विचारून घ्यावे.

टेबलावर प्रथम पाव येतो. तो चिवट असतो, घशाखाली गोळा होऊन अडकतो आणि प्रथिनांची जागा खातो. तो बाजूला ठेवावा. मांस 'ब्यँ क्वी', म्हणजे पूर्ण शिजलेले मागावे व बारीक तुकडे करून खावे. सोड्याचे पाणी व कोल्ड्रिंक नको. साधे पाणी 'काराफ दो' म्हटले की फुकट मिळते. ते मिळेल असे मेन्यूवर लिहिणे २०२२ पासून हॉटेलांना बंधनकारक आहे.

वाइनबद्दल स्पष्ट सांगतो. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः बायपासनंतर, दारू रक्तात झपाट्याने चढते आणि एका पेल्यात दोन-तीन पेल्यांचा अंमल होऊ शकतो. शस्त्रक्रियेनंतरच्या काळात काहींना तिचे व्यसन जडते, हेही दिसून आले आहे. "फ्रान्सला येऊन वाइन नाही?" असे सोबत्यांनी म्हटले तरी नकार द्यावा.

पानात टाकण्याचा संकोच

माझ्या अनुभवात खरी अडचण वेगळीच आहे. पानात काही टाकू नये, हा संस्कार आपल्यावर लहानपणापासून झालेला असतो. त्यात युरोचा हिशेब रुपयांत केला की प्रत्येक घास महाग वाटतो. माझ्या एका रुग्ण शिक्षिकेने केवळ "पैसे वाया जातील" म्हणून शेवटचे चार घास संपवले आणि रात्रभर उलट्या काढल्या. संस्कार चांगला आहे, पण तो मागवताना पाळावा, संपवताना नव्हे. शिवाय २०२१ पासून फ्रान्समध्ये ग्राहकाने मागितल्यास उरलेले अन्न डब्यात बांधून देणे हॉटेलांवर बंधनकारक आहे. मागण्यात लाज कसली? छातीत दाटणे, उचकी, नाकातून पाणी येणे ही पोट भरल्याची खूण समजावी आणि चमचा तिथेच ठेवावा.

निघण्यापूर्वी

पहिल्या काही आठवड्यांत पातळ व मऊ आहार असतो आणि लांबच्या विमानप्रवासात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. म्हणून किमान तीन महिने झाल्यावर, आपल्या सर्जनच्या संमतीनेच निघावे. शस्त्रक्रियेची इंग्रजी माहिती, जीवनसत्त्वांच्या गोळ्या व नेहमीची औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. मधुमेहाच्या गोळ्यांचे प्रमाण तपासून घ्यावे. दुखण्यावर आयब्युप्रोफेनसारखी गोळी परस्पर घेऊ नये, तिने जठरात व्रण होऊ शकतो, पॅरासिटामॉल चालते.

दिवसभर न थांबणाऱ्या उलट्या, पाणीही न टिकणे, पोटात तीव्र कळ किंवा काळे शौच, यांपैकी काहीही झाल्यास सहल आटोपेपर्यंत थांबू नये. फ्रान्समध्ये १५ किंवा ११२ या क्रमांकावर तातडीने फोन करावा आणि जठराची शस्त्रक्रिया झाल्याचे पहिल्याच वाक्यात सांगावे.