प्रवासातील हलाल आहार : संशय नको, शिथिलताही नको



टिटवाळ्याहून लोकलने कल्याण गाठायचे आणि तेथून लांब पल्ल्याची गाडी धरायची, हा आपल्या भागातील कुटुंबांचा नेहमीचा प्रवास. घरी खाटीक ओळखीचा असतो, चूल आपली असते, त्यामुळे हलालचा प्रश्न सहसा पडत नाही. घर सुटले की तो समोर येतो. मग कोणी म्हणतो, प्रवासात सारे चालते. तर कोणी प्रत्येक घासावर शंका घेऊन मुलाबाळांना उपाशी ठेवतो. शरीअतचा मार्ग या दोहोंच्या मधला आहे.

मूळ नियम

खाद्यपदार्थ मुळात वैध आहेत; निषिद्ध तेच, जे अल्लाहने निषिद्ध ठरविले. सूरह अल्‌-अन्‌आम (६:१४५) मध्ये मृत जनावर, वाहते रक्त, डुकराचे मांस आणि अल्लाहशिवाय इतरांच्या नावे कापलेले जनावर यांचा निषेध आहे. मद्याचा निषेध सूरह अल्‌-माइदा (५:९०) मध्ये आहे. म्हणून वरण-भात, पोळी-भाजी, पोहे, फळे हे पदार्थ विकणारा कोणत्याही धर्माचा असो, ते आपणांस हलाल आहेत. टिटवाळ्यासारख्या तीर्थक्षेत्री शाकाहारी खाणावळ सहज सापडते. मुस्लिम प्रवाशासाठी तीही अल्लाहची देणगीच आहे.

भांड्यांचे काय? माननीय अबू सअलबा (रजि.) यांनी ग्रंथधारकांच्या भांड्यांविषयी विचारले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले, त्याचा आशय असा : दुसरी भांडी मिळत असतील तर ती घ्यावीत, न मिळाल्यास तीच धुऊन वापरावीत. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. धुतलेल्या ताटावर संशय घेणे म्हणजे ईशपरायणता नव्हे.

पाकिटावरील खूण

हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो, मद्यार्काविषयी तो काही सांगत नाही. तपकिरी खूण अंड्याच्या केकवरही असते; तेवढ्याने केक हराम ठरत नाही. म्हणून खुणेबरोबर घटकांची यादीही वाचावी. जिलेटिन कोणत्या जनावराचे, हे पाहावे. आयएनएस १२० हा लाल रंग किड्यांपासून बनतो, हेही ध्यानी ठेवावे.

मांसाचा नियम वेगळा

मांसाच्या बाबतीत जिबह वैध असल्याची खात्री आधी हवी. मात्र मुस्लिम विक्रेत्याचा शब्द पुरेसा आहे. नवमुस्लिमांनी आणलेल्या मांसावर अल्लाहचे नाव घेतले की नाही, हे ठाऊक नसल्याचे काहींनी प्रेषितांना (स.) सांगितले. तुम्ही स्वतः अल्लाहचे नाव घ्या आणि खा, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. माननीय आयशा (रजि.) यांची ही हदीस बुखारीत आहे. जेथे काहीच कळत नाही, तेथे मांस सोडून द्यावे. अल्‌-बकरह (२:१७३) मधील सवलत जीव जाण्याची वेळ आलेल्यासाठी आहे, बिर्याणीची इच्छा झालेल्यासाठी नाही.

कोळंबीसारख्या प्रश्नावर मतभेद आहेत. आपले कोकणी बांधव शाफई असल्याने ती निःशंक खातात. हनफी विद्वानांत मात्र तिच्याविषयी दोन मते आहेत. एकाच डब्यातून प्रवास करताना यावरून कोणी कोणाला हिणवू नये.

कोशेर चालेल काय?

अमेरिकेतील लहान शहरांत शिकणाऱ्या आपल्या मुलांना हलाल दुकान मिळत नाही, पण यहुदी धर्मनियमांनुसार तयार झालेले, म्हणजे कोशेर, खाद्य कधी कधी मिळते. अल्‌-माइदा (५:५) नुसार ग्रंथधारकांचे अन्न आपणांस वैध आहे. परंतु कापताना अल्लाहचे नाव घेतले गेले असावे, ही अट हनफी विद्वान आग्रहाने सांगतात. याची चौकशी करावी. शिवाय कोशेर नियमांत द्राक्षमद्य निषिद्ध नाही. म्हणून कोशेर शिक्का असलेल्या पदार्थातही मद्य असू शकते, आणि ते आपणांस हरामच आहे.

या यहुदी बांधवांची ओळख आपणांस परकी नाही. ठाण्यात बेने इस्रायल समाजाचे प्रार्थनामंदिर १८७९ पासून उभे आहे. मराठी बोलणारा हा समाज कोकणातील खेड्यांत तेलाचे घाणे चालवी व शनिवारी ते बंद ठेवी, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. खेड्यात कोशेर बाजार कोठून असणार? तरीही खवले व पर नसलेला मासा त्यांनी वर्ज्य मानला. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून नारळाचे दूध वापरले. ना शेजाऱ्यांशी भांडण केले, ना नियम सोडला. मूठभर लोकांना जे साधले, ते आपणांस अवघड का वाटावे?

सर्वोत्तम शिदोरी

निघण्यापूर्वी चपात्या, खजूर व कोरडी चटणी बांधून घ्या. मुलांना नुसते ‘खाऊ नको’ म्हणू नका. का खायचे नाही आणि त्याऐवजी काय खाता येईल, तेही सांगा. उद्या ती दूरच्या शहरी एकटी असतील, तेव्हा हेच ज्ञान त्यांच्या कामी येईल. हजच्या प्रवासाविषयी अल्‌-बकरह (२:१९७) मध्ये शिदोरी घेण्याची आज्ञा आहे, आणि ईशभय हीच सर्वांत उत्तम शिदोरी असल्याचेही तेथेच सांगितले आहे. अल्लाह आपणां सर्वांना पवित्र उपजीविका देवो. आमीन.