नायगाऱ्याच्या कांठीं एक दिवस

विद्यार्थिमित्रांनो, भूगोलाच्या पुस्तकांत नायगारा हें नांव आपण सर्वांनीं वाचलेलें असतें. अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें व कॅनडा यांच्या सरहद्दीवरील एक मोठा धबधबा, एवढें उत्तर लिहिलें म्हणजे परीक्षेंत गुण मिळतात. परंतु हा धबधबा कोठून आला, कोठें चालला आहे, आणि त्याचें पाणी कोणाच्या मालकीचें, हे प्रश्न त्या एका ओळींत मावत नाहींत. हल्लीं आपल्याकडील अनेक कुटुंबांतील मुलें शिक्षणासाठीं कॅनडांत जातात, व त्यांचे आईबाप त्यांना भेटावयास तिकडे जातात. टोरांटो शहरीं उतरलेला पाहुणा बहुधा एका दिवसासाठीं मोटार व वाटाड्या ठरवून नायगारा पाहून येतो. त्या एका दिवसाचें चीज कसें करावें, हें सांगण्यासाठीं हा पाठ आहे. ज्यांना जावयाचें नाहीं, त्यांनीं नकाशा उघडून मनानें बरोबर यावें.

वाटाड्या कशासाठीं?

वाट दाखविण्यासाठीं वाटाड्या नको. वाट सरळ आहे. टोरांटोपासून धबधबा सुमारें ८० मैलांवर असून चांगल्या सडकेनें दीड-दोन तासांत तेथें पोंचतां येतें. वाटाड्या हवा तो कोणती गोष्ट केव्हां पाहावी हें सांगण्यासाठीं. उदाहरण घ्या. इंद्रधनुष्य दिसावयास सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशीं असावा लागतो. कॅनडाचा कांठ नदीच्या पश्चिमेस आहे. म्हणून तेथून तुषारांवरील धनुष्य दिसतें तें दुपार कलल्यावर. सकाळीं घाईनें येऊन दोन प्रहरीं परत फिरणारा मनुष्य तें न पाहतांच जातो. जाणता वाटाड्या सकाळ इतर गोष्टींत घालवून दुपारीं आपल्याला कांठावर आणून उभा करितो.

पालकांस एवढेंच सुचवावयाचें कीं, ठरलेल्या भाड्यांत काय येतें व काय येत नाहीं, हें निघण्यापूर्वीं विचारून कागदावर लिहून घ्यावें. नावेचें तिकीट, जेवण, थांबण्याचा वेळ, या तीन गोष्टी विशेषेंकरून विचाराव्या. पूल ओलांडून पलीकडच्या तीरावर जावयाचें असेल, तर तें दुसरें राष्ट्र आहे हें विसरूं नये. पारपत्र व तेथील परवाना जवळ नसेल, तर पुलापासूनच परत फिरावें लागतें.

वाटेवरचा भूगोल

टोरांटो सोडल्यावर आँटेरिओ सरोवर सारखें आपल्या डाव्या हातास असतें. सरोवराच्या पश्चिम टोंकास वळसा घातला म्हणजे उजव्या हातास झाडींनीं झांकलेला एक लांबच लांब कडा दिसूं लागतो. कडा व सरोवर यांच्यामधील सखल पट्ट्यांत पीच व द्राक्षें यांच्या बागा आहेत. हा कडा नीट पाहून ठेवा. धबधब्याचें सारें रहस्य त्याच्या पोटांत आहे.

आतां नकाशा पाहा. सुपीरिअर, मिशिगन, ह्यूरन व ईरी या चार महासरोवरांचें पाणी वाहत जाऊन पांचव्या, म्हणजे आँटेरिओ सरोवरास मिळतें. ईरी व आँटेरिओ यांना जोडणारी जी सुमारें ३६ मैलांची नदी, तीच नायगारा. एवढ्याशा प्रवासांत तिला ३२६ फूट खालीं उतरावयाचें असतें, व त्यांतील निम्म्याहून अधिक उतार ती एका उडींत संपविते. जहाजांना अर्थातच अशी उडी घेतां येत नाहीं. त्यांच्यासाठीं वेलंड कालवा खणलेला आहे. पहिला कालवा १८२९ सालीं सुरू झाला. हल्लींचा १९३२ सालीं उघडला. त्याच्या आठ दरवाजेबंद हौदांतून पायऱ्या चढल्याप्रमाणें जहाज एका सरोवरांतून दुसऱ्या सरोवरांत चढतें. आपली सडक हा कालवा उंच पुलावरून ओलांडते. दैव अनुकूल असेल, तर खालून जहाज जातांनाहि दिसतें.

डोळा आणि माप

धबधबा एक नसून तीन आहेत. कॅनडाच्या बाजूस नालाच्या आकाराचा मोठा प्रवाह, त्यास इंग्रजींत हॉर्सशू म्हणतात. त्याची उंची सुमारें १८८ फूट व कांठाची लांबी सुमारें २,२०० फूट. मध्यें गोट नांवाचें बेट, व त्यापलीकडे अमेरिकन धबधबा आणि त्याच्या शेजारचा लहानसा ब्रायडल व्हेल.

येथील मूळ रहिवाशांना हें स्थळ पिढ्यानपिढ्या ठाऊक होतें. १६७८ सालीं लुई हेनेपिन हा पाद्री तेथें गेला व त्यानें युरोपास धबधब्याचें वर्णन दिलें. पुढें १६९७ सालच्या ग्रंथांत त्यानें उंची सहाशें फुटांहून अधिक सांगितली! १७५० सालीं स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ पेर काल्म याने तेथें जाऊन चौकशी केली व १३७ फूट हा आंकडा दिला. हेनेपिन धर्मोपदेशक होता, विद्वान होता. तरीहि गर्जना, तुषार व भय यांनीं त्याच्या डोळ्यांस तिप्पट उंची दिसली. यावरून एवढें ध्यानांत घ्यावें कीं, मन भारावलेलें असतें तेव्हांच माप घेण्याची गरज अधिक असते.

चालणारा धबधबा

वर सांगितलेल्या कड्याचा वरचा थर कठीण डोलोमाइट दगडाचा असून खालीं शेल नांवाचा मऊ, पापुद्र्यापापुद्र्यांचा खडक आहे. उसळणारें पाणी खालचा मऊ थर पोखरून काढतें. वरचा कठीण थर मग छपराच्या वळचणीसारखा पुढें लोंबकळूं लागतो, व आधार सुटतांच कोसळतो. असें पुन्हां पुन्हां होत असल्यामुळें धबधबा मागें मागें, म्हणजे उगमाच्या दिशेनें सरकतो. आज तो जेथें आहे, तेथून सुमारें सात मैल खालीं क्वीन्स्टन गांवाजवळ, कड्याच्या अगदीं तोंडाशीं, त्याचा जन्म झाला. मधली खोल घळ हीच त्याची पाऊलवाट.

प्रसिद्ध भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायल हा १८४१ सालीं येथें आला. धबधबा वर्षास सुमारें एक फूट मागें हटत असावा असें धरून त्यानें सात मैलांस पस्तीस हजार वर्षें लागलीं असें अनुमान काढलें. पुढें अधिक मोजण्या झाल्या. आज शास्त्रज्ञ हा काळ सुमारें १२,००० वर्षें मानतात. मुलांनो, सात मैलांचे फूट करून बारा हजारांनीं भागा. वर्षास सरासरी तीन फूट येतात. लायलची रीत चुकली नव्हती. त्याच्या हातीं वेगाचा आंकडा अपुरा होता. हल्लीं पुष्कळसें पाणी दुसरीकडे वळविल्यामुळें हा वेग वर्षास एक फूट किंवा त्याहूनहि कमी झाला आहे.

हा प्रवाह एकदां थांबलाहि होता. १८४८ सालच्या मार्च महिन्याच्या अखेरीस ईरी सरोवराच्या मुखाशीं बर्फ अडकलें, आणि अनेक तास नदी जवळजवळ कोरडी पडली. नित्याची गर्जना बंद झाली तेव्हां कांठचे लोक भयभीत झाले. १९६९ सालीं मात्र मनुष्यानें बुद्ध्याच बांध घालून अमेरिकन धबधबा कांहीं महिने कोरडा केला. पायथ्याशीं कोसळून पडलेल्या दगडांची रास काढावी कीं काय, हें त्यांना तपासावयाचें होतें. पुष्कळ विचाराअंतीं ती रास आहे तशीच ठेवावी असें ठरलें.

कुंपणामागील दृश्य

आतां इतिहासाकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दोन्ही कांठांवरील जमिनी व्यापाऱ्यांच्या हातीं गेल्या. अमेरिकेच्या बाजूस कुंपणें घातलीं गेलीं. पैसे मोजल्याशिवाय धबधबा धड दिसेना. कॅनडाच्या बाजूसहि वाटाडे व गाडीवाले पाहुण्यांस वेढीत. मेणकापडाचा अंगरखा आधीं फुकट म्हणून अंगावर चढवावयाचा, पाण्यामागें नेऊन आणावयाचें, आणि परत आल्यावर त्याचेच भलते पैसे मागावयाचे, अशी तेथील रीत झाली होती. वर कागदावर लिहून घ्या म्हणून सांगितलें, त्याचें मूळ एवढें जुनें आहे.

या गोष्टीची लाज वाटणारे लोकहि होते. चित्रकार फ्रेडरिक चर्च व उद्यानरचनाकार फ्रेडरिक ओल्मस्टेड यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अनेक वर्षें चळवळ केली. अखेर न्यूयॉर्क संस्थानानें सुमारें चौदा लक्ष डॉलर देऊन जमिनी विकत घेतल्या, आणि १५ जुलै १८८५ रोजीं तो कांठ सर्वांस विनामूल्य खुला झाला. कॅनडाच्या बाजूचें सार्वजनिक उद्यान २४ मे १८८८ रोजीं उघडलें. अशी कल्पना १८७८ सालीं जाहीरपणें मांडणारा तेथील गव्हर्नर-जनरल लॉर्ड डफरिन हा उद्यान उघडलें तेव्हां हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. आजहि दोन्ही कांठांवर उभें राहून धबधबा पाहण्यास कांहीं द्यावें लागत नाहीं. नाव, बोगदा, मोटारीचा तळ यांचेच पैसे पडतात. तेव्हां खासगी वाटाड्यास आपण जें देतों, तें त्याच्या ज्ञानाचें व श्रमांचें मोल होय, दृश्याचें नव्हे.

पाण्याची वाटणी

दृश्य मोकळें झालें. पण पाण्याचें काय? १८९५ सालीं येथें मोठें वीजघर सुरू झालें, व १८९६ च्या नोव्हेंबरांत निकोला टेस्लाच्या पद्धतीची वीज सुमारें वीस मैलांवरील बफेलो शहरास मिळूं लागली. शहरें उजळलीं, कारखाने चालूं लागले. परंतु यंत्रांत गेलेलें पाणी कड्यावरून पडत नाहीं. सर्व पाणी यंत्रांस दिलें तर धबधबा उरणार नाहीं. सर्व कड्यावरून सोडलें तर वीज नाहीं. १९५० सालीं दोन्ही राष्ट्रांनीं करार केला. प्रेक्षकांच्या मोसमांत दिवसा दर सेकंदास निदान एक लक्ष घनफूट पाणी कड्यावरून सोडावें, आणि रात्रीं व हिवाळ्यांत निदान पन्नास हजार. म्हणजे आपण दुपारीं जो प्रवाह पाहतों, तो सृष्टीचा आहे खरा, पण तेवढा ठेवावा हें माणसांनीं ठरविलेलें आहे. कॅनडाच्या बाजूचें एक जुनें वीजघर आतां पाहण्यास खुलें असून त्याखालील सुमारें २,२०० फूट लांबीचा बोगदा २०२२ पासून लोकांस चालत जातां येतो. तो बोगदा चुकवूं नये. धबधबा आणि वीज यांचा संबंध तेथें पायांखालींच दिसतो.

हा प्रश्न परदेशाचाच आहे असें समजूं नका. शरावती नदीवरील गिरसप्पा, म्हणजेच जोगचा धबधबा, ८३० फूट उंच, नायगाऱ्याच्या चौपटीहून अधिक. तेथें १९४८ पासून मोठी वीज निघूं लागली, व १९६४ सालीं वर लिंगनमक्कीचें धरण झालें. तेव्हांपासून पावसाळ्याबाहेर तेथील धारा रोडावलेल्या दिसतात.

कठड्याच्या अलीकडे

एक शब्द जपण्याविषयीं. १९०१ सालीं ॲनी टेलर या शिक्षिकेनें आपल्या त्रेसष्टाव्या वाढदिवशीं पिंपांत बसून हॉर्सशूवरून उडी घेतली. ती वांचली, पण ज्या धनाच्या आशेनें तिनें हें केलें तें तिला लाभलें नाहीं, व १९२१ सालीं ती दारिद्र्यांतच वारली. १९६० सालीं वरच्या प्रवाहांत एक नाव उलटून सात वर्षांचा मुलगा कड्यावरून खालीं गेला. अंगांत तरंगणारें जाकीट होतें म्हणून खालच्या नावेनें त्यास जिवंत उचललें. त्याच्या बहिणीस कांठावरील एका अनोळखी पाहुण्यानें हात देऊन ओढून काढलें. नाव चालविणारा गृहस्थ मात्र बुडाला. कठडा ओलांडून छायाचित्र घेण्याचा मोह होईल, तेव्हां ही गोष्ट आठवा. आपल्याकडील पावसाळी धबधब्यांनाहि हाच नियम लागू आहे, आणि तेथें पुष्कळदां कठडाहि नसतो.

शेवटीं थोडे प्रश्न देतों. घरीं वडील माणसांबरोबर बसून यांचीं उत्तरें शोधावीं.

१. धबधबा मागें सरकतो तो कोणत्या खडकामुळें, व कसा?
२. हेनेपिनचें माप चुकलें व लायलचें अनुमानहि अपुरें पडलें. या दोन चुकांत फरक कोणता?
३. तुमच्या गांवाजवळील धबधबा, तळें किंवा डोंगरमाथा कोणाच्या मालकीचा आहे? तो पाहण्यास पैसे पडतात काय, व ते कशाचे?
४. नदीचें पाणी वीज, शेती व दृश्य यांत वांटावयाचें झाल्यास तुम्ही तें कसें वांटाल? वांटणी कोणास कमी पडेल, हेंहि लिहा.