युद्धनौकांच्या टकरी : कारणे आणि बोध

समुद्र अफाट आहे. युद्धनौकेजवळ रडार, दुर्बिणी, शक्तिमान इंजिने आणि शिस्तबद्ध नौसैनिक असतात. असे असताना दोन जहाजे एकमेकांवर आदळतात तरी कशी, असा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे पहिले उत्तर असे की, जहाजांची रहदारी समुद्रभर सारखी विखुरलेली नसते. सामुद्रधुन्यांत आणि बंदरांच्या मुखाशी ती दाटते. दुसरे उत्तर जहाजाच्या स्वभावातच आहे. जहाजाला मोटारीसारखा ब्रेक नसतो. इंजिने उलट फिरवली तरी हजारो टनांचे ते धूड बरेच अंतर पुढे जात राहते आणि सुकाणू वळवल्यावरही दिशा पालटण्यास वेळ लागतो. म्हणून टक्कर टाळण्याचा निर्णय, टक्कर अटळ दिसू लागण्यापूर्वीच घ्यावा लागतो. हा निर्णय कोठे आणि का चुकतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आज्ञा आणि शंका

२२ जून १८९३ रोजी ब्रिटिश नौदलाचा भूमध्य समुद्रातील ताफा, आज लेबाननमध्ये असलेल्या त्रिपोली शहराजवळ, दोन समांतर रांगांनी चालला होता. व्हाइस ॲडमिरल जॉर्ज ट्रायन यांनी दोन्ही रांगांना एकमेकींच्या दिशेने आत वळण्याचा आदेश दिला. रांगांमधील अंतर सहा केबल, म्हणजे सुमारे १,१०० मीटर होते. दोन्ही आघाडीच्या जहाजांना सुरक्षितपणे वळण्यासाठी मात्र किमान आठ केबल अंतराची गरज होती. हे गणित सोपे होते. दुसऱ्या रांगेचे प्रमुख रिअर ॲडमिरल मार्कहॅम आज्ञा पाळण्यास क्षणभर कचरले. तेव्हा, कशाची वाट पाहता, अशी विचारणा त्यांना झाली. त्यांनी आज्ञा पाळली आणि त्यांचे ‘कॅम्परडाऊन’ हे जहाज ट्रायन यांच्या ‘व्हिक्टोरिया’वर आदळले. ‘व्हिक्टोरिया’ बुडाले आणि ट्रायन यांच्यासह ३५८ जणांना जलसमाधी मिळाली. शंका होती, परंतु ती स्पष्ट शब्दांत बोलून दाखवून आज्ञा थांबविण्याची प्रथा नव्हती.

३ जून १९६९ रोजी दक्षिण चीन समुद्रात रात्रीच्या अंधारात ऑस्ट्रेलियाच्या ‘मेलबर्न’ या विमानवाहू जहाजाच्या मार्गात अमेरिकेची ‘फ्रँक ई. इव्हान्स’ ही विनाशिका आडवी आली आणि दुभंगली. त्यात ७४ अमेरिकी नौसैनिक दगावले. विनाशिकेचा कप्तान त्या वेळी झोपलेला होता. आपली जागा बदलण्याचा आदेश आला तेव्हा पहाऱ्यावरील अधिकाऱ्यांनी त्याला उठविले नाही.

तीन मिनिटांचा घोटाळा

ज्या दुर्घटनेने यंत्ररचनेचा प्रश्न ऐरणीवर आणला, ती २१ ऑगस्ट २०१७ च्या पहाटे सिंगापूरच्या सामुद्रधुनीत घडली. ‘जॉन एस. मॅकेन’ ही अमेरिकी विनाशिका दाट रहदारीतून वेगाने चालली होती. एकाच नौसैनिकाला सुकाणू आणि वेग या दोन्ही गोष्टी सांभाळणे कठीण जाते आहे, हे पाहून कप्तानाने वेगाचे नियंत्रण शेजारच्या आसनावरील नौसैनिकाकडे देण्यास सांगितले. हेतू योग्य होता. पण हे नियंत्रण जुन्या पद्धतीच्या दांड्याने होत नव्हते. संगणकाच्या पडद्याला बोटाने स्पर्श करून होत होते. त्या गडबडीत वेगाबरोबर सुकाणूचे नियंत्रणही नकळत दुसऱ्या आसनाकडे गेले.

पहिल्या नौसैनिकाने, सुकाणू हाताखालून गेले, असे ओरडून सांगितले. वस्तुतः सुकाणू निकामी झाले नव्हते. ते केवळ दुसऱ्याच्या हाती होते. जहाज सरळ ठेवण्यासाठी सुकाणू किंचित उजवीकडे धरलेले असे. ते मध्यावर येताच जहाज डावीकडे कलू लागले. वेग कमी करण्याची आज्ञा झाली. परंतु दोन्ही बाजूंच्या पंख्यांची नियंत्रणे त्या वेळी एकमेकांशी जोडलेली नव्हती. त्यामुळे केवळ डाव्या पंख्याची गती कमी झाली, उजवा पंखा जोरात फिरत राहिला, आणि जहाज अधिकच डावीकडे वळले. त्या बाजूला ‘ॲल्निक एमसी’ हे तेलवाहू जहाज होते. सुमारे तीन मिनिटांत टक्कर झाली. तेलवाहू जहाजाच्या नाळेने विनाशिकेच्या कुशीला भगदाड पाडले. निजण्याच्या एका कक्षात पाणी घुसले आणि दहा नौसैनिक मृत्युमुखी पडले.

प्रशिक्षणाची उणीव

हा सारा दोष एका बोटाचा मानणे सोपे आहे. ते न्याय्य मात्र नाही. त्या पहाटे ब्रिजवर असलेल्यांपैकी काही जण दुसऱ्या जहाजावरून तात्पुरते आलेले होते आणि त्या जहाजाची नियंत्रणव्यवस्था निराळी होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१९ साली दिलेल्या अहवालात, नौदलाची परिणामकारक देखरेख नसणे आणि त्यातून उद्भवलेले अपुरे प्रशिक्षण व सदोष कार्यपद्धती, हेच अपघाताचे संभाव्य कारण म्हणून नमूद केले.

याची पाळेमुळे जुनी होती. २००३ साली अमेरिकी नौदलाने तरुण अधिकाऱ्यांचे किनाऱ्यावरील वर्गशिक्षण बंद करून त्यांच्या हाती संगणकाच्या तबकड्या दिल्या होत्या. उरलेले त्यांनी जहाजावर शिकावे, अशी अपेक्षा होती. पण जहाजावर शिकविण्यास सवड कोणाला होती? जून २०१७ मध्ये जपानमधील तळांवर असलेल्या क्रूझर व विनाशिकांच्या खलाशांची ३७ टक्के युद्धसज्जता प्रमाणपत्रे मुदतबाह्य झालेली होती. त्याच महिन्याच्या १७ तारखेला जपानच्या किनाऱ्यालगत ‘फिट्झजेराल्ड’ या विनाशिकेची ‘एसीएक्स क्रिस्टल’ या मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन सात नौसैनिक बळी पडले होते. तेथे पडदा किंवा बोट नव्हे, तर टेहळणीतील ढिलाई आणि पहाऱ्यावरील लोकांतील विसंवाद नडला.

बोध

टकरी टाळण्यासंबंधीचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम प्रत्येक जहाजाला डोळ्यांनी, कानांनी आणि उपलब्ध असलेल्या सर्व साधनांनी सतत टेहळणी ठेवण्यास बजावतात. नियमात डोळे आणि कान प्रथम येतात, हे अर्थपूर्ण आहे. साधन कितीही प्रगत असले तरी ते माणसाच्या हाती द्यावयाचे असते. चांगल्या नियंत्रणयंत्राची कसोटी ही की, सुकाणू या क्षणी कोणाच्या हाती आहे, हे थकलेल्या माणसालाही अंधारात नजरेच्या एका फेऱ्यात किंवा हाताच्या स्पर्शाने कळावे. दांड्याची स्थिती हाताला कळते. पडद्यावरील चित्राची कळत नाही. २०१९ साली अमेरिकी नौदलाने या वर्गातील विनाशिकांवर वेगनियंत्रणासाठी पुन्हा हाताने धरावयाचे दांडे बसविण्याचा निर्णय जाहीर केला, तो याच अनुभवातून.

या दुर्घटनांकडे एकत्र पाहिले म्हणजे असे दिसते की, टक्कर घडण्याचा क्षण ब्रिजवर येतो, पण तिची तयारी फार आधी आणि फार दूर झालेली असते : आराखडे काढणाऱ्यांच्या टेबलावर, प्रशिक्षणाचा खर्च वाचविणाऱ्या कार्यालयात, शंकेला जागा न देणाऱ्या शिस्तीत. अपघातानंतर शिक्षा ब्रिजवरच्या माणसाला होते. ती आवश्यक असेलही. परंतु चौकशी तेथेच थांबली, तर पुढच्या जहाजावरचे झोपलेले नौसैनिक पूर्वीइतकेच असुरक्षित राहतात.