आधी नमुना बिल टेबलावर ठेव

अरे, दुबईत बिलिंग सॉफ्टवेअरचं काम हाती घेतोयस म्हणून सांगतो. ‘तुम्हाला काय काय हवंय?’ असं विचारून पहिली मीटिंग सुरू करू नकोस. सगळ्यांना सगळंच हवं असतं. ‘पहिल्या दिवशी हे नसलं तर काय अडेल?’ असं विचार. बरीचशी यादी तिथेच गळते.

१ जानेवारी २०१८ ला अमिरातीत ५ टक्के व्हॅट लागू झाला, तेव्हा सविस्तर नियमावली हातात आली ती आदल्या नोव्हेंबरच्या अखेरीस. तारीख सरकारची, हलणार नव्हती. दुकानवाल्यांना काउंटरवर रांग तुंबायला नको होती, अकाउंट्सला ओळीओळीवर कर दिसायला हवा होता, मार्केटिंगला नव्या ऑफर. अशा वेळी कायदा काय मागतो आणि माणसं काय मागतात, हे आधी वेगळं कर. कायद्याच्या मागणीवर घासाघीस नाही.

वाद वाढला की नमुना बिल छापून सगळ्यांपुढे ठेव. करासकट दहा दिरहमच्या तीन वस्तू घे. ओळीगणिक कर ४८ फिल्स, म्हणजे तिन्हींचा १ दिरहम ४४ फिल्स. तोच एकूण तीसवर काढलास तर १ दिरहम ४३. फरक एका फिल्सचा! गिऱ्हाईक तीसच देणार, त्यामुळे दुकानवाल्याला त्याचं काही नाही. पण महिन्याची बिलं जुळवणाऱ्या अकाउंटंटची झोप त्यानेच उडते. आकडा कागदावर दिसला की दोघांचेही आवाज खाली येतात. निर्णय मात्र तू देऊ नकोस, कर-सल्लागाराकडून लेखी घे. आपले प्रोग्रामर स्वतःच्या मनाने राउंडिंग टाकून मोकळे होतात, त्याचा मला फार राग येतो.

आणि कॅशियरला विसरू नकोस. मीटिंगला त्याला कोणी बोलवत नाही. एरवी साध्या बिलावर दुकानाचा पंधरा अंकी कर-नोंदणी क्रमांक, म्हणजे टीआरएन, असतो, तो आपोआप छापला जातो. पण नोंदणीकृत गिऱ्हाईकाची खरेदी १०,००० दिरहमच्या वर गेली की त्याचं नाव, पत्ता, टीआरएनही घालावा लागतो, आणि मागे रांग खोळंबलेली असताना ते टाइप करतो तो कॅशियरच. संध्याकाळच्या गर्दीत तासभर त्याच्या मागे उभा राहा. त्याची अडचण साहेबांच्या ऑफरच्या आधी धर.

ठरलेल्या कामांच्या यादीवरची सही शुक्रवारवर ढकलू नकोस. २०२२ पासून सरकारी कचेऱ्या शुक्रवारी दुपारी बारालाच सुटतात, शारजात तर त्या दिवशी सुट्टीच. मंगळवार-बुधवार गाठ. आत्ता काय करणार हे लिहिशीलच. पुढच्या टप्प्यावर काय ढकललं, ते कोणी मागितलं होतं, हेही त्याच कागदावर, सहीच्या वर असू दे.