आधी प्रश्न, मग परिषद

चि. सोनूस,


तुझं पत्र पोचलं. शेतापासून ताटापर्यंतच्या अन्नाचा अभ्यास करणाऱ्यांना एकत्र आणायचं तू मनावर घेतलं आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. वाण काढणारे, पोषण मोजणारे, बाजारभाव अभ्यासणारे, धान्यप्रक्रियावाले हे सगळे एकाच बाजरीवर काम करतात आणि एकमेकांचे निष्कर्ष वाचतही नाहीत, हे तुझं निरीक्षण खरं आहे. पण उपाय म्हणून तू आधी परिषद, मग कार्यकारिणी, मग नियमावली असा क्रम लावला आहेस. तो बदल. आधी एक प्रश्न घे आणि त्याचं माप सगळ्यांनी मिळून ठरवा. स्वतःचं काम त्या मापाला लावायला जे तयार होतील, तेच पुढे टिकतील.

प्रश्न असा हवा, की कोणा एकाला तो सुटूच नये. मी बाजरीचं पीठ सुचवतो. दळून आणलेलं पीठ काही दिवसांत कडू होतं, म्हणून घरोघरी बाजरी थोडी थोडी दळतात. दाण्यात सुमारे पाच टक्के स्निग्धांश असतो. दळताना त्याची विकरांशी गाठ पडते, स्निग्धाम्लं सुटतात आणि पीठ खवट होतं. एवढं रसायन सर्वांना माहीत आहे. पण धागा पुढे कुठवर जातो बघ. पीठ टिकत नाही म्हणून ते गव्हाच्या आट्यासारखं दुकानाच्या फळीवर महिनोन्‌महिने राहत नाही. मग शहरातलं घाईचं घर गव्हाकडे वळतं, बाजरीची मागणी घटते आणि शेतकरी ते रान कांद्याला किंवा सोयाबीनला देतो. पैदासकार कमी कडवटणारा वाण शोधेल, प्रक्रियावाला दाण्याला उष्णता देऊन विकरं निकामी करेल. पण त्या पिठाची भाकरी थापताना चिरते का, हे भाकरी करणारीच सांगणार. आणि ते पीठ चार रुपये महाग पडलं तर कोण घेईल, हे बाजार अभ्यासणाऱ्याने सांगायचं.

मग ‘कडू’ कशाला म्हणायचं? प्रयोगशाळा स्निग्धाम्लांचा आकडा देईल, घरातली बाई वासावरून सांगेल. या दोन मापांचा मेळ घालण्यात तुमचं पहिलं वर्ष गेलं तरी जाऊ दे. ते वर्ष वाया गेलं असं कोणी म्हणालं, तर ऐकून घे आणि काम चालू ठेव.

माप ठरल्याने काय होतं, हे बाजरीच्याच लोहाच्या गोष्टीत दिसतं. आफ्रिकेतल्या टोगो देशातून आलेल्या टपोऱ्या दाण्याच्या बाजरीतून पाटणचेरूच्या ‘इक्रिसॅट’ या संशोधन संस्थेत ‘आयसीटीपी ८२०३’ हा वाण निवडला गेला. १९८८ मध्ये तो महाराष्ट्रात आला. त्याच्यातूनच लोह जास्त असलेल्या ओळी निवडून ‘धनशक्ती’ तयार झाली आणि २०१२ मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झाली. तिच्या दाण्यात किलोमागे साधारण ७१ मिलिग्रॅम लोह असतं. पण वाण निघाला म्हणून काम संपलं नाही. दाण्यातलं लोह मोजताना मोठी फसगत होते ती धुळीने. मातीत लोह भरपूर असतं आणि खळ्यावर मळलेल्या दाण्याला चिकटलेली थोडीशी मातीही आकडा फुगवते. म्हणून त्याच नमुन्यातलं अ‍ॅल्युमिनियमही मोजतात. दाण्यात ते जवळजवळ नसतं. जास्त सापडलं तर समजायचं की आपण माती मोजतो आहोत. ही तपासणी सर्वांनी मान्य केल्याशिवाय एका केंद्राच्या आकड्यावर दुसऱ्याने विश्वास का ठेवावा?

महाराष्ट्रातल्याच निवासी शाळांत १२ ते १६ वर्षांच्या मुलांना सहा महिने ‘धनशक्ती’ बाजरी भाकरीतून आणि शेवेतून देण्यात आली, तुलनेसाठी काहींना साधी बाजरी दिली गेली. ज्यांच्या अंगात मुळात लोह कमी होतं, त्यांची उणीव लोहयुक्त बाजरीने भरून निघण्याची शक्यता जास्त दिसली. २०१८ मध्ये अखिल भारतीय समन्वित बाजरी प्रकल्पाने नव्या वाणांसाठी किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त अशी अट घातली. त्यामुळे केवळ उत्पादनावर नजर असलेल्या पैदासकारालाही लोह मोजणं भाग पडलं. पैदासकार आणि आहारतज्ज्ञ एकमेकांना बांधले गेले ते या दोन आकड्यांनी. कितीही चर्चासत्रं भरवली असती तरी हे झालं नसतं, असं माझं मत आहे.

एक धोकाही सांगतो, कारण तुझ्या पत्रात ‘सर्वांनी एकाच पद्धतीने’ हे शब्द फार वेळा आले आहेत. १९६५ मध्ये लुधियान्याहून ‘एचबी-१’ हा पहिला संकरित बाजरी वाण आला. त्याची मादी ओळ ‘टिफ्ट २३ए’ अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातून आलेली होती. ती खुल्या मनाने सर्वांना मिळाली आणि उत्पादन वाढलं. पण सुरुवातीचे एचबी संकर त्या एकाच मादीवर उभे राहिले, आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभी गोसावी रोग आला तेव्हा शेतंच्या शेतं बसली. तेव्हा माप एक ठेव. बियाणं, कल्पना आणि माणसं मात्र वेगवेगळ्या ठिकाणची असू देत. तुझ्या गटात सगळे एकाच विद्यापीठाचे, एकाच गुरूचे शिष्य असतील तर मला काळजी वाटेल.

वादाला घाबरू नकोस. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आणि अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर हे दोघेही पुण्यातले. देशात उपाशी किती, यावर त्यांनी वर्षानुवर्षं छापील वाद घातला. माणसाची उष्मांकांची गरज रोज बदलते, म्हणून सरासरीखालच्या प्रत्येकाला उपाशी धरू नये, असं सुखात्मे म्हणत. दांडेकरांना ते पटलं नाही. त्या वादातून भूक मोजण्याचे प्रश्न किती खोल आहेत हे पुढच्यांना कळलं. तुमच्यातले मतभेदही लिहून ठेवा, नावानिशी. बैठकीनंतर चहाच्या टपरीवर बोललेलं कोणालाच उपयोगी पडत नाही.

आणि ज्या बायका पीठ हुंगून, भाकरी थापून निवाडा देतील, त्यांना ‘नमुना’ म्हणू नकोस. त्यांचा दिवस मोडतो, त्याचे पैसे द्या. अहवालात त्यांची नावं त्यांच्या संमतीने घाला. निष्कर्ष आधी त्यांना मराठीत वाचून दाखवा, मग नियतकालिकाकडे पाठवा. त्या जर म्हणाल्या की तुमचा प्रश्नच चुकला आहे, पीठ कडू होण्यापेक्षा दळणाला गिरणी लांब आहे हीच अडचण मोठी, तर प्रश्न बदलायची तयारी ठेव.

नमुने सांभाळणारा आणि नोंदवही ठेवणारा माणूस आजच ठरव. तो हुशार असण्यापेक्षा नेटका असावा, आणि शोधनिबंधात त्याचं नाव हवंच. दसऱ्याच्या सुमारास नवी बाजरी खळ्यावर येईल. त्याआधी पिशव्या, चिठ्ठ्या आणि नोंदीचा एकच तक्ता तयार कर. तक्त्याचा मसुदा मला पाठव, मी वाचून देतो.

तुझा,
नानामामा